स्ट्रोकवरचं संशोधन तीन महिन्यांवर का थांबतं?

ओलीमाती

नमस्कार मंडळी. चौदा महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज शेवटी लिहायला बसले.

आईला स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. पहिल्या दिवसाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तिला वेळेत नेता आलं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं, जीव वाचला. त्या रात्री प्रत्येक जण घड्याळाकडे बघत धावत होता. माझा प्रश्न आहे तो नंतरच्या शांततेबद्दल.

सहाव्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, "आता जे आहे ते एवढंच. सहा महिन्यांनंतर फारसं काही होत नाही." आई समोरच बसली होती. तिला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. घरी पोचेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या बऱ्याच आधीची एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महिन्यात मी थेरपीच्या वेळी शेजारी बसून असायचे. आईला टेबलावरचा ग्लास उचलून फळीवर ठेवायचा असायचा. एक दिवस मी वहीत रेघा मारायला लागले, प्रत्येक वेळी एक रेघ. तास संपला तेव्हा रेघा होत्या २७. बाकीचा वेळ खुर्ची सरकवण्यात, खांदा मोकळा करण्यात, दम घेण्यात गेला. थेरपिस्ट मन लावून काम करणाऱ्या होत्या, पण दाराबाहेर पुढचे तीन पेशंट बसलेले होते.

नंतर वाचताना २००९ सालचा एक अभ्यास सापडला. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांमध्ये थेरपी चालू असताना बाजूला बसून कोणीतरी माझ्यासारखंच मोजलं होतं. हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव जिथे झाला तिथे एका सत्रात सरासरी ३२ वेळा, आणि असा सराव हातावर काम झालेल्या साधारण निम्म्याच सत्रांत झाला होता. मेंदूत बदल घडतो असं ज्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं, तिथे तीच हालचाल एका दिवसात ४०० ते ६०० वेळा करून घेतलेली असते. मी वही काढून त्या २७ रेघा परत बघितल्या.

म्हणजे औषधाचा विसावा हिस्सा द्यायचा आणि औषध लागू पडलं नाही म्हणायचं, असं चाललंय का? की मला यातलं काही कळत नाहीये? जाणकारांनी कृपया लिहावं. जे आहे ते स्पष्ट सांगा, ऐकायची तयारी आहे.

---

न्यूरो_निवासी

न्यूरॉलॉजी शिकतोय, शेवटचं वर्ष. आधी हे सांगतो की ते वाक्य पेशंटसमोर तसं बोलायला नको होतं. मी स्वतःही राउंडला अशी वाक्यं बोललोय आणि आता ती आठवतायत.

धावपळ आणि नंतरची शांतता, दोन्हींची मुळं संशोधनाच्या इतिहासात आहेत. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं की तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर तीन महिन्यांनंतरचं अपंगत्व कमी होतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक पाच चाचण्या आल्या आणि मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढणं पक्कं झालं. २०१८ पर्यंत, स्कॅन बघून निवडलेल्या रुग्णांत हे २४ तासांपर्यंत करता येतं हेही सिद्ध झालं. मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला हिशोब आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ होतो. त्यामुळे पैसा, माणसं, हुशारी सगळी त्या पहिल्या तासांभोवती गोळा झाली. आणि ते चुकलं असं मी म्हणणार नाही, तुमच्या आईचा जीव त्यातूनच वाचलाय.

पण या सगळ्या चाचण्यांत यश मोजलं गेलं ते तीन महिन्यांनी, एका ठोकळ मापाने. गुठळी काढली की नाही याचा फरक तीन महिन्यांत दिसतो, म्हणून तिथे ते चाललं. मग तीच सवय पुनर्वसनाच्या संशोधनालाही लागली.

दुसरी उणीव त्याहून जुनी, ती म्हणजे प्रयोगशाळेतली. स्ट्रोकमध्ये पेशी वाचवणारी औषधं शोधायचा प्रयत्न कित्येक दशकं झाला. २००६ मध्ये एका गटाने मोजदाद केली: १०२६ उपाय तपासले गेले होते, त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले, आणि पेशी वाचवणारं जगभर मान्य झालेलं औषध त्यातून एकही हाती लागलं नव्हतं. त्याच सुमाराला एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची पहिली मोठी चाचणी चांगली आली, सगळीकडे उत्साह होता. २००७ मध्ये ३३०० रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत फायदा शून्य.

कारणं शोधली तेव्हा उंदरांकडेच बोट गेलं. उंदीर तरुण, निरोगी आणि बहुतेक नर. औषध गुठळीनंतर काही मिनिटांत, कधीकधी तर आधीच दिलेलं. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला माहीत. आमच्या वॉर्डात येणारा माणूस सत्तरीचा, मधुमेही, रक्तदाब असलेला आणि चार तास उलटून गेलेला. २०१९ नंतर अमेरिकेत सहा प्रयोगशाळांनी मिळून सहा उपाय एकाच शिस्तीत तपासले. नर-मादी दोन्ही, म्हातारे उंदीर, लठ्ठ उंदीर, रक्तदाब असलेले उंदीर घेतले आणि मोजणाऱ्याला काहीच कळू दिलं नाही. हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

---

रानजाई

वाचतेय. रात्री सविस्तर लिहिते. ओलीमाती, वही जपून ठेवा.

---

डावाहात

डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितो आहे, चुका समजून घ्या.

वर न्यूरो_निवासी यांनी ठोकळ माप म्हटलं, त्याचं नाव रँकिन. शून्य ते सहा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. बऱ्याच चाचण्यांत ० ते २ आलं की निकाल चांगला धरतात.

मी २ आहे. २ म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः पाहता येतं. बरोबर आहे. अंघोळ करतो, कपडे घालतो, एकटा राहू शकतो. कोणत्याही चाचणीत माझी नोंद यशस्वी अशीच होईल.

मी १९ वर्षं घड्याळं दुरुस्त केली. उजव्या हातात चिमटा, डाव्या डोळ्याला भिंग. आता चिमटा हातात धरता येतो, पण चिमट्यात स्क्रू धरला की हात ठरत नाही, स्क्रू उडतो. एकदा पूर्ण दुपार एकाच स्क्रूवर घालवली. बसला नाही. मग दिवा बंद करून बसलो.

हे त्या कागदावर कुठे लिहायचं? ० ते ६ मध्ये माझ्या स्क्रूला जागा नाही. मला पाच वर्षं झाली. गेल्या वर्षीपासून अंगठा आणि पहिलं बोट आधीपेक्षा बरं जुळतंय, रोज सराव करतो म्हणून. पण माझं मोजमाप शेवटचं झालं ते तिसऱ्या महिन्यात. त्यानंतर कोणी विचारलेलं नाही.

---

पाऊलवाट

डावाहात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून लिहिल्याबद्दल आभार.

---

रानजाई

मी अकरा वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली आठ स्ट्रोकच्या पेशंटबरोबर.

ओलीमाती, तुमचा विसावा हिस्सा हा शब्द लागला, पण खोटा नाही. डोस हा शब्द औषधाच्या दुनियेत पहिला येतो आणि आमच्यात शेवटी. जुने शोधनिबंध उघडून बघा. "नेहमीची फिजिओथेरपी दिली" एवढंच लिहिलेलं सापडेल. किती मिनिटं, किती वेळा, कुठला व्यायाम, किती अवघड, काही नाही. गोळी किती मिलिग्रॅमची होती हे न सांगता कोणी औषधाची चाचणी छापेल का?

मात्र "जास्त म्हणजे चांगलं" हेही सरसकट धरू नका. २०१५ मध्ये अ‍ॅव्हर्ट नावाची खूप मोठी चाचणी आली, २१०४ रुग्ण, पाच देश. पहिल्या २४ तासांतच पेशंटला उठवून बसवायचं, उभं करायचं, वारंवार चालवायचं. आम्ही सगळे याच बाजूचे होतो. निकाल उलटा लागला. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले लोक नेहमीच्या उपचारात ५० टक्के आणि लवकर जोमाने उठवलेल्यांत ४६. पुढे बारकाईने पाहिल्यावर असं दिसलं की थोडा थोडा वेळ पण अधिक वेळा उठवणं बरं, एका दमात लांबवणं वाईट. म्हणजे डोस आहे आणि त्याची वेळही आहे.

वेळेबद्दल २०२१ चा एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास आहे. ७२ जण. नेहमीच्या थेरपीवर हाताचा २० तास जादा सराव, कोणाला पहिल्या महिन्यात, कोणाला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, कोणाला सहा महिन्यांनंतर. वर्षाच्या शेवटी सर्वांत पुढे गेले ते दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यानचे. पहिल्या महिन्यातल्यांनाही फायदा झाला, पण त्यांच्याहून कमी. सहा महिन्यांनंतरच्या गटात म्हणावा तसा फरक दिसला नाही. आता हाच निकाल कोणीतरी "बघा, सहा महिन्यांनी काही होत नाही" असा वाचेल. मी तसा वाचत नाही. २० तास सहा महिन्यांनंतर पुरले नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

कारण लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास हाताची थेरपी देतात. २०१९ मध्ये त्यांनी २२४ जणांचे निकाल छापले. त्यात स्ट्रोकला सहा महिन्यांहून कितीतरी जास्त काळ झालेले अनेक जण होते. हात सुधारले आणि ती सुधारणा सहा महिन्यांनीही टिकली होती.

तुमच्या दुसऱ्या महिन्यातल्या त्या २७ रेघा मला म्हणूनच जास्त बोचल्या.

---

गणितवेडा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, चाचण्यांची आकडेमोड करणं हे माझं रोजचं काम. रानजाई यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण काही गोष्टी सांगणं गरजेचं वाटतं, कारण खोटी आशा हीसुद्धा या क्षेत्रातली मोठी उणीव आहे.

क्वीन स्क्वेअरच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. स्वतःहून आलेले, निवडून घेतलेले लोक होते. मला तो निकाल खरा असावासा वाटतो, पण वाटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे.

उलट बाजूचे निकालही बघायला हवेत. २०१६ मध्ये ३६१ जणांवर ३० तासांची आखीव, कामाभोवती रचलेली हाताची थेरपी तपासली. नेहमीच्या थेरपीपेक्षा सरस ठरली नाही. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात स्ट्रोकला सहा महिन्यांहून जास्त काळ झालेल्या ८५ जणांना एका सत्रात १००, २०० किंवा ३०० वेळा हालचाली करायला लावल्या, काहींना जमेल तितक्या. जास्त केल्याने जास्त फायदा, असं नातं दिसलंच नाही. २०१९ मध्ये ७७० जणांवर रोबोटची चाचणी झाली, हाताचं रोजचं काम काही सुधारलं नाही.

आणि छोट्या चाचण्यांचा मोह. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ११८ रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं औषध दिलं, हातपायांची ताकद चांगली परतलेली दिसली. अनेक डॉक्टरांनी ते लगेच लिहायला सुरुवात केली. मग तीन मोठ्या चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये ३१२७, स्वीडनमध्ये १५००, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड-व्हिएतनाममध्ये १२८० रुग्ण. फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

मुळातली अडचण अशी आहे की स्ट्रोकनंतर पहिल्या आठवड्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो. कोण किती सावरेल यात प्रचंड फरक असतो. त्या लाटेवर थेरपीचा फायदा तोलायचा म्हणजे भरतीच्या वेळी पाण्यात खडा टाकून पातळी किती वाढली हे बघण्यासारखं आहे. शंभर माणसं पुरत नाहीत.

---

रानजाई

@गणितवेडा, आकडे मान्य. पण ७७० जणांच्या त्या रोबोट चाचणीत आठवड्याला तीन दिवस, ४५ मिनिटं, १२ आठवडे होते. एकूण २७ तास. ३६१ जणांची होती ३० तासांची. सगळ्या मोठ्या चाचण्या २० ते ३० तासांच्या आसपास घुटमळतात, कारण तेवढ्यालाच निधी मिळतो. ९० तासांची नीट तुलनेची मोठी चाचणी कोणी करून दाखवावी आणि मग म्हणावं की डोसचा उपयोग नाही. तोवर मी ते मान्य करायला तयार नाही.

आणखी एक. सगळ्या पेशंटना एकाच टोपलीत टाकतात. ज्याच्या मेंदूपासून हाताकडे जाणारा मज्जामार्ग पूर्ण तुटलाय आणि ज्याचा अर्धा शाबूत आहे, त्यांना एकच थेरपी देऊन सरासरी काढली तर ती शून्याकडेच जाणार.

---

गणितवेडा

या दोन्ही मुद्द्यांना अनुमोदन. ९० तासांची तुलना व्हायलाच हवी. मज्जामार्ग शाबूत आहे का हे चाचणीआधी तपासून गट पाडले तर कमी माणसांतही खरं उत्तर मिळेल.

---

शब्दवेल

स्पीच थेरपिस्ट. धाग्यात हातावर इतकं बोलणं झालं, वाचेवर कोणीच नाही, आणि संशोधनातही हुबेहूब हेच होतं.

स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो, म्हणजे अफेझिया. बुद्धी शाबूत, शब्द सापडत नाही. आता गंमत नव्हे, वेदना अशी की कितीतरी चाचण्यांत हीच माणसं पहिल्या पायरीवर गाळली जातात. संमतीपत्र वाचता येत नाही, प्रश्नावली भरता येत नाही, म्हणून "अपात्र". चित्रांचं, सोप्या वाक्यांचं संमतीपत्र करता येतं, मी स्वतः केलंय. अर्ध्या तासाऐवजी दोन तास लागतात, इतकंच. ते दोन तास न दिल्यामुळे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच माणसं पुराव्याच्या बाहेर राहतात.

ओलीमाती, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. २०१७ मध्ये जर्मनीत १५६ जणांची चाचणी झाली. सगळ्यांना स्ट्रोक होऊन सहा महिने उलटलेले, काहींना तर वर्षानुवर्षं. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास स्पीच थेरपी. निम्म्यांना लगेच, निम्म्यांना थांबवून नंतर, म्हणजे तुलना व्यवस्थित होती. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. थांबलेल्या गटात तेवढ्या काळात सुधारणा नव्हती.

सहा महिन्यांनंतर काही होत नाही, हे निदान वाचेबाबत तरी खरं नाही. तुमच्या आईला आठवड्याला किती तास मिळतायत?

---

ओलीमाती

शब्दवेल, आठवड्यातून एकदा, पाऊण तास. गेले पाच महिने तेही बंद आहे. "आता उपयोग नाही" म्हणून.

---

पाऊलवाट

माझ्या भावाला बेचाळिसाव्या वर्षी झाला. चालतो, बोलतो, सगळ्यांना वाटतं बरा झाला. दुपारी दोन वाजले की त्याचा दिवस संपतो. झोपून न जाणारा थकवा. सही करायला पेन घेतो आणि विचारतो, कशासाठी घेतलं होतं? नोकरी गेली ती याने, हातापायाने नव्हे.

डॉक्टरांना थकव्याबद्दल विचारलं तर म्हणाले यावर औषध नाही. खरंच नाही, मी शोधलं. म्हणून मनात आलं की या लोकांना विचारून कोणी संशोधन ठरवतं का? स्कॉटलंडमध्ये ठरवलं होतं. स्ट्रोक झालेले, त्यांना सांभाळणारे आणि डॉक्टर-थेरपिस्ट एकत्र बसले आणि २०१२ मध्ये दहा प्रश्नांची यादी निघाली. पहिला प्रश्न विचारशक्ती आणि स्मरणशक्ती कशी सुधारायची हा होता. वाचाघात, हात, थकवा सगळे त्यात होते. गुठळीवरचं औषध नव्हतं, कारण ती यादी स्ट्रोकनंतरच्या आयुष्याची होती. दुसऱ्या दिवशी भावाला ती वाचून दाखवली. थकव्याच्या ओळीवर त्याने हात वर करून मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली.

---

न्यूरो_निवासी

पाऊलवाट, ती यादी माझ्या शिक्षणात कधी आली नाही. आता वाचली.

एक चांगली गोष्ट भर म्हणून. २०१६ पासून पुनर्वसनावर काम करणारे वेगवेगळ्या देशांतले संशोधक एका मेजावर बसायला लागलेत. त्यांनी आधी शब्दच पक्के केले. पहिला दिवस, पहिला आठवडा, तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत आणि त्यापुढे, असे टप्पे. आधी एकाचा "लवकर" म्हणजे दोन दिवस आणि दुसऱ्याचा दोन महिने, तुलना करणार कशी? सगळ्यांनी कोणती मापं वापरायची आणि स्ट्रोकच्या तारखेपासून ठरलेल्या दिवशीच मोजायचं, हेही त्यांनी सुचवलंय. २०२१ मध्ये १०८ जणांवरच्या चाचणीत मानेतल्या व्हेगस नसेला सरावाच्या क्षणी हलका झटका देऊन हात जास्त सुधारला. आणि तो नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत जुन्या स्ट्रोकमध्ये. संख्या छोटी आहे, गणितवेडा यांचा इशारा लक्षात ठेवूनच सांगतोय. पण जुन्या रुग्णांवर कोणी पाहिलं, हेच मला मोठं वाटतं.

ओलीमाती, पुढच्या तपासणीला जाताना "अजून सुधारेल का" असं विचारू नका, त्याला "नाही" हे सोपं उत्तर आहे. असं विचारा: हाताकडे जाणारा मार्ग किती शाबूत आहे? आठवड्याला किती तास स्पीच थेरपी देता येईल? तीन महिन्यांनी कोणत्या मापाने मोजायचं? उत्तर द्यायला आम्हाला कागद उघडावा लागतो.

---

डावाहात

चौथा प्रश्न माझ्याकडून जोडा. पेशंटला काय परत हवंय, हे त्यालाच विचारलं का?

---

ओलीमाती

सगळ्यांचे आभार. तीन दिवस उत्तर लिहायला जमलं नाही.

डावाहात, तुमचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आलं की चौदा महिन्यांत मी आईला हे विचारलंच नाही. मी ग्लास ठरवला, मी वही ठरवली. शब्दवेल यांनी सांगितल्यासारखी चित्रं काढली: हात, बोलणं, चालणं, फोन, पुस्तक, केस. साधीच, पेन्सिलने. समोर मांडली आणि थांबले.

तिने केसांच्या चित्रावर बोट ठेवलं. मला कळलं नाही. तिने माझी वेणी ओढली आणि परत चित्रावर बोट ठेवलं. रोज मी तिचे केस विंचरते. तिला ते स्वतः करायचं आहे.

शब्दवेल, जवळच्या केंद्रात आठवड्याला पाच दिवस, दोन तास, असं तीन आठवडे द्यायला तयार करून घेतलंय, सोमवारपासून. त्यांना तुमचा तो जर्मन अभ्यास दाखवला. आधी आणि नंतर बोलण्याचं मोजमाप लिहून द्यायचंही कबूल केलंय.

आणि वहीत नवीन पान काढलंय. ग्लास बंद. उजव्या हातात जाड मुठीचा कंगवा, मी कोपराखाली हात धरते, खांद्याला त्रास होणार नाही इतपत, रानजाई यांना फोटो पाठवून खात्री करून घेतली. सकाळी ४०, दुपारी ३५, संध्याकाळी ती थकली तेव्हा १२. कंगवा अजून कानाच्या वर जात नाही. सोमवारच्या आकड्यांसह परत येते.